'हिअरबाय' म्हणजे नक्की कशाने?

सचिव_नाइलाजाने

मंडळी, प्रश्न भाषेचा आहे, पण सुरुवात पाण्याच्या टाकीपासून करावी लागेल.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी गेल्या वर्षीपासून सचिव. निवडून वगैरे आलेलो नाही. सभेला दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर झालो होतो. इमारतीत मराठी न वाचणारे बरेच आहेत म्हणून नोटीस दोन भाषांत लावतो. मराठी हातासरशी होते. इंग्रजीसाठी आधीच्या सचिवांची फाईल उघडतो आणि तारखा बदलतो. परवा टाकी धुण्याची नोटीस लावली, ती अशी:

'ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट द वॉटर टँक विल हिअरबाय बी क्लीन्ड ऑन संडे. मेंबर्स आर हिअरबाय रिक्वेस्टेड टु स्टोअर वॉटर. द सेक्रेटरी हिअरबाय रिग्रेट्स द इनकन्व्हीनियन्स.'

तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, कोर्टात शिरस्तेदार होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फलकाची काच सरकवून त्यांनी चारही 'हिअरबाय'ना लाल पेनाने गोल केलेले. पहिल्या आणि तिसऱ्यापुढे बरोबरची खूण. दुसऱ्यापुढे मराठीत एकच शब्द: 'कशाने?' चौथ्यापुढेही तोच, फक्त प्रश्नचिन्हं दोन.

वर गेलो विचारायला. म्हणाले, "आधी स्वतः डोकं चालव, मग ये." शब्दकोशात 'याद्वारे' दिलंय, ते मलाही ठाऊक होतं. मी आजवर समजत होतो की हा शब्द वाक्याला इस्त्री करतो, बाकी त्याचं काही काम नसतं. चारातले दोन बरोबर आणि दोन चूक, हे काय गौडबंगाल आहे?

आगाऊ_कार्टं

मी याद्वारे या धाग्यावर पहिला आलो.

तळटीप

आणि याद्वारे चुकलात. तुम्ही आधी आलात, मग ते वाक्य लिहिलंत. आलात ते बोटांनी किंवा वायफायने. त्या वाक्याने नाही आलात.

सचिव, काकांनी एका शब्दात सगळं व्याकरण सांगितलंय. 'हिअर' म्हणजे इथे 'हे', 'बाय' म्हणजे 'ने'. दोन्ही मिळून 'ह्याने'. ह्याने म्हणजे कशाने? ह्याच कागदाने, ह्याच वाक्याने. मी जे आत्ता लिहितो आहे तेच ते काम करतं आहे, असं सांगणारा हा शब्द.

आता तुमची नोटीस लावून बघा. सभासदांना कळवलं, कशाने? या कागदाने. बरोबर. विनंती केली, कशाने? या कागदाने. तेही बरोबर. टाकी धुतली जाणार, कशाने? ब्रश, ब्लीचिंग पावडर आणि दोन माणसं. कागदाने टाकी धुता येत नाही. तिथे 'हिअरबाय' चूक.

चौथं जरा नाजूक आहे. 'रिग्रेट' म्हणजे वाईट वाटणं. वाईट आधी वाटतं, कागद नंतर येतो. कागदाने वाईट वाटवून घेता येत नाही. पण 'अपॉलजाइज' म्हटलं असतं तर चाललं असतं, कारण माफी मागणं हे शब्दांनीच होतं, माफी मागायचा दुसरा मार्गच नाही. म्हणून काकांनी दोन प्रश्नचिन्हं दिली असावीत. माणूस बारीक आहे.

हे सगळं ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने मांडलं. १९५५ साली त्याने हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याचं म्हणणं असं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, काम करतात. 'मी वचन देतो', 'मी या जहाजाचं नाव अमुक ठेवतो', 'मी पैज लावतो'. ती खरी की खोटी हा प्रश्नच येत नाही. ती लागू पडतात किंवा फसतात. अशी वाक्यं ओळखायची एक खूण म्हणून त्याने हाच शब्द वापरला: क्रियापदाआधी 'हिअरबाय' घालून बघा. 'मी याद्वारे वचन देतो' चालतं. 'मी याद्वारे पोहे खातो' चालत नाही. (पोहे माझे, ऑस्टिनचे नव्हेत.)

गंमत म्हणजे 'मी याद्वारे तुमचा अपमान करतो' हेही चालत नाही. अपमान शब्दांनीच होतो, तरी असं जाहीर करून होत नाही. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

चहाबाज

एवढं रामायण कशाला? 'रविवारी टाकी धुणार. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवा.' संपलं. इंग्रजीतही तेवढंच लिहा. हा शब्द म्हणजे साहेब गेला आणि टोपी राहिली.

वरणफळ

चहाबाज +१, टाकीपुरतं.

मी कंपनीत माणसांच्या भरतीचं काम बघते, त्यामुळे हा शब्द मला दिवसातून वीस वेळा भेटतो. आपल्याकडच्या बायोडेटाच्या तळाशी एक ओळ असतेच असते: 'आय हिअरबाय डिक्लेअर दॅट द अबाव्ह इन्फर्मेशन इज ट्रू टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज'. खाली स्थळ, दिनांक, सही. परदेशातल्या सहकाऱ्याला एकदा असा बायोडेटा पाठवला तर तो विचारू लागला, याच्यावर कुठला खटला चालू आहे का? पण तळटीप यांच्या हिशेबाने ही ओळ व्याकरणात शंभर टक्के बसते. घोषणा त्या ओळीनेच होते. गरज आहे का, हा वेगळा प्रश्न.

राजीनाम्यात मात्र घोळ असतो. 'आय ॲम हिअरबाय रिझायनिंग' असं सर्रास येतं. मग मला कळत नाही, दिला की देतोय? साधा वर्तमानकाळ हवा. 'आय हिअरबाय रिझाइन', झालं. आणि एक नेहमीची गल्लत: 'हिअरबाय अटॅच्ड'. तिथे 'हिअरविथ' पाहिजे. 'बाय' म्हणजे याने, 'विथ' म्हणजे यासोबत. गेल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, 'आय हिअरबाय अटॅच माय सॅलरी स्लिप', आणि स्लिप जोडलीच नव्हती. वाक्यानेच जोडली गेली असं त्याला वाटलं असणार.

तळटीप

राजीनाम्यावरून आठवलं. रिचर्ड निक्सनचा राजीनामा, ९ ऑगस्ट १९७४. परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावे पत्र, मजकूर एका वाक्याचा: 'आय हिअरबाय रिझाइन द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स.' इंग्रजी अकरा शब्द. कारण नाही, खेद नाही, आभार नाहीत. चहाबाज, इथे टोपी काढून दाखवा.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. इंग्लंडचा राजा आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ ला गादी सोडण्याच्या कागदावर सही केली. त्यात 'डू हिअरबाय डिक्लेअर' आहे. पण काय डिक्लेअर? गादी सोडण्याचा आपला पक्का निश्चय. गादी सुटली ती दुसऱ्या दिवशी, संसदेने कायदा केल्यावर. म्हणजे राजाच्या 'याद्वारे'ची पोच निश्चय जाहीर करण्यापुरतीच. ज्याच्या हातात जेवढं, तेवढंच त्या शब्दाने होतं.

मोडीप्रेमी

मंडळी, तुम्ही इंग्रजीची कौतुकं करताय आणि घरातलं विसरताय.

हिअरबाय, देअरबाय, व्हेअरबाय. आता म्हणा: येणेकरून, तेणेकरून, जेणेकरून. हे, ते, जे आणि त्यांना जोडलेलं 'ने'. सांधा तोच! 'येणें' हे जुन्या मराठीत 'हा'चं तृतीयेचं रूप, म्हणजे आजचं 'याने'. पसायदानाची पहिली ओळ आठवा, 'येणें वाग्यज्ञें तोषावें'. या वाणीच्या यज्ञाने संतुष्ट व्हावं. कुठल्या यज्ञाने? जो आत्ता, या ओवीपर्यंत येऊन पुरा झाला त्याने. ज्ञानेश्वरांना काकांनी 'कशाने?' विचारलं असतं तर उत्तर हातात तयार होतं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०.

यातलं 'जेणेकरून' आपण अजून रोज वापरतो. 'तेणेकरून' भाषणात कधीमधी ऐकू येतं. 'येणेकरून' मात्र गेलं आणि त्याच्या खुर्चीवर संस्कृतातून घडवलेलं 'याद्वारे' येऊन बसलं. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. (याद्वारे नव्हे. आपोआप.)

जुन्या कागदांत असे शब्द पोत्याने सापडतात. 'सदरहू', 'सबब', 'मौजे मजकूर'. मजकूर म्हणजे वर ज्याचा जिक्र झाला ते. इंग्रज वकिलाचं 'द सेड व्हिलेज' आणि आपलं 'मौजे मजकूर' शेजारी ठेवा, जुळी भावंडं वाटतील. तेव्हा साहेब गेला आणि टोपी राहिली म्हणू नका. पगडी आधीपासून होती.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत घर सोडायचं तर लेखी कळवावं लागतं, तोंडी सांगून भागत नाही. पत्राची सुरुवात ठरलेली: 'हीअरमिट क्युंडिगे इश', म्हणजे याद्वारे मी करार संपवतो. पहिल्यांदा मी भाषांतरातून जमवून एक लांबलचक पत्र लिहिलं होतं: आम्ही घर सोडायचा विचार करत आहोत, तुमचं घर फार छान होतं, वगैरे. मालकीणबाईंनी मजेत उत्तर पाठवलं, विचार झाला की कळवा. महिना फुकट गेला. तीन महिन्यांची मुदत होती, ती 'हीअरमिट'वाल्या दुसऱ्या पत्रापासून मोजली.

जर्मनमध्ये 'हीअरमिट' एकटाच हिअरबाय आणि हिअरविथ या दोघांचं काम करतो. मोडीप्रेमी, तुमची हे-ते-जे साखळीही आहे: हीअरमिट, दामिट, वोमिट. आणि हा शब्द इथे मुळीच जुनाट नाही. जिमचं सदस्यत्व बंद करायलाही हाच लागतो.

चहाबाज

बरं, निक्सनपुरती टोपी काढली. मालकीणबाईंसाठी परत घातली.

सातबारा

उशिरा आलो. पोटापाण्यासाठी दस्त लिहितो, म्हणून दोन शब्द.

आधी गैरसमज दूर करतो. कायद्यात 'हिअरबाय' हा मंत्र नाही. मृत्युपत्रात 'आय हिअरबाय रिव्होक ऑल माय फॉर्मर विल्स' असतंच, पण ते नाही म्हणून मृत्युपत्र पडत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३: करणाऱ्याची सही आणि निदान दोन साक्षीदार. (मुस्लिम मृत्युपत्रांचे नियम वेगळे.) लोक माझ्याकडे मसुदा आणतात, त्यात 'हिअरबाय' अकरा वेळा आणि साक्षीदार एक. मला उलटं चालेल.

पण शब्द निरुपयोगीही नाही, आणि ते कळायला साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक बघा. साठेखतात 'विकण्याचं कबूल करतो'. खरेदीखतात 'विकत देतो'. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५४ स्पष्ट म्हणतं की नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. इंग्रजी दस्तात पहिल्यात 'अग्रीज टु सेल', दुसऱ्यात 'डथ हिअरबाय सेल अँड कन्व्हे'. मराठी दस्तात आमच्या जुन्या लोकांनी कधी 'याद्वारे' लिहिलं नाही. ते लिहायचे, 'कारणे कायम खरेदीखत लिहून देतो ऐसा जे'. या 'लिहून देतो'त सगळं येतं. लिहिणं हेच देणं. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ही दोन्ही पक्षांची नावंच बघा ना. जगात कुठे विकणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणत असतील?

या फरकावर अमेरिकेत केवढा खटला झाला! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिलं होतं की माझ्या शोधाचे हक्क देण्याचं मी कबूल करतो. पुढे तो सेटस नावाच्या कंपनीत तंत्र शिकायला गेला. तिथे दारातच एका कागदावर सही घेतली, त्यात शब्द होते 'डू हिअरबाय असाइन'. शोध होता रक्तातला एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीचा. सेटसचा तो धंदा नंतर रोशकडे गेला आणि भांडण कोर्टात. २००९ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने म्हटलं, 'देण्याचं कबूल करतो' हे वचन, 'याद्वारे देतो' हे देणं. आधी सही विद्यापीठाच्या कागदावर, पण हक्क गेला कंपनीकडे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही स्टॅनफर्ड हरलं. तिथला मुद्दा वेगळ्या कायद्याचा होता, पण निकाल तोच राहिला. एकाचं साठेखत, दुसऱ्याचं खरेदीखत, बस.

वरणफळ

बाप रे. उद्याच आमच्या नेमणुकीच्या पत्रातलं ते कलम उघडून बघते.

कुंदाची_आई

मी इथे फक्त वाचत असते, पण आज राहवलं नाही. लेक पाचवीत आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका असते, शाळेत रोज म्हणतात. काल भाजी निवडता निवडता तिला हा धागा सांगितला, तर ती तोंडपाठ म्हणून थांबली कुठे? 'आज दिनांक २६ नोव्हेंबर, १९४९ रोजी याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत.' मग मलाच विचारते, "आई, कशाने?"

मी म्हटलं, मतदानाने असेल. म्हणाली, "मग 'मतदानाद्वारे' लिहिलं असतं." मेथी हातातच राहिली.

तळटीप

लेकीला माझा नमस्कार सांगा.

तिचं बरोबर आहे. इंग्रजीत 'डू हिअरबाय अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टु अवरसेल्व्ज धिस कॉन्स्टिट्यूशन'. आम्ही भारताचे लोक स्वतःला संविधान देतो, कशाने? हे वाक्य उच्चारून. 'आम्ही दिलं होतं' असा अहवाल नाही, 'देऊ' असं आश्वासन नाही. लेक रोज सकाळी म्हणते तेव्हाही क्रियापद वर्तमानकाळातच असतं.

यात साठेखताचीही एक छटा आहे, सातबारांना आवडेल. अंगीकार २६ नोव्हेंबरला झाला, पण सगळी कलमं त्या दिवशी लागू झाली नाहीत. अनुच्छेद ३९४ प्रमाणे नागरिकत्व, निवडणुका वगैरेंचे थोडेच अनुच्छेद लगेच, बाकीचे २६ जानेवारी १९५० पासून. 'याद्वारे'ने संविधान दिलं, ताबा दोन महिन्यांनी.

रचनेतही गंमत आहे. इंग्रजी वाक्यात कर्ता आरंभी येतो आणि 'डू हिअरबाय अडॉप्ट' थेट शेवटाकडे, मधे न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. इंग्रजीला हे ताणावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटीच येत असल्यामुळे तेच वाक्य जसंच्या तसं मांडी घालून बसलंय.

सातबारा

छटा कसली, ते सरळ खरेदीखतच आहे. फक्त ताब्याची तारीख पुढची. असे दस्त रोज होतात.

मोडीप्रेमी

हिंदीत तिथे 'एतद्द्वारा' आहे. दोन 'द' आणि जीभ अडकते. आपलं 'याद्वारे' पाचवीच्या मुलांनाही सहज म्हणता येतं. मगाशी त्याच्याबद्दल थोडं तुसडं बोललो, ते मागे घेतो. याद्वारे.

आगाऊ_कार्टं

हे बरोबर बसलं बघा!

चहाबाज

मुद्दा पटला, तरी माझं मत कायम. संविधान, खरेदीखत, राजीनामा ठीक. टाकी, पार्किंग, कुत्रा, गॅलरीतले कपडे, यांना साधी भाषा. सचिवांनी आपल्या कागदाने खरंच काही घडतंय का ते आधी बघावं.

सातबारा

सहमत, एक अपवाद. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. तिथे 'नोटीस इज हिअरबाय गिव्हन' एकदा असू द्या. सभेआधीचे चौदा दिवस त्या नोटिशीपासून मोजतात, म्हणजे त्या कागदाने खरंच काहीतरी घडतं. आणि 'हिअर बाय' असं तोडून लिहू नका. टायपिंगच्या टपरीवर हमखास तुटतं, मग अर्थ होतो 'इथे, जवळपास'.

सचिव_नाइलाजाने

सगळ्यांचे आभार. वार्षिक सभेचीच वेळ आली होती, तीस सप्टेंबरच्या आत घ्यायची. तेव्हा परीक्षाही झाली. काल रात्री नोटीस लिहिली. 'हिअरबाय' एकच, पहिल्या ओळीत, जोडून. पुढे विषयपत्रिका, आणि शेवटी, वरणफळ यांना स्मरून, 'द ऑडिटेड अकाउंट्स आर अटॅच्ड हिअरविथ'. टाकीची नोटीस काढून टाकली. आता तिथे 'रविवारी पाणी नाही' एवढंच आहे, आणि पहिल्यांदाच कोणी मला फोन करून विचारलं नाही की म्हणजे नक्की काय.

सकाळी दूध आणायला उतरलो तर काका फलकापाशी उभे. लाल पेन खिशातच होतं. पहिली ओळ वाचली, मान हलवली. खालपर्यंत वाचत गेले. मग पेन काढलं, 'हिअरविथ'ला गोल केला आणि नोटिशीचा कागद उलटून मागची कोरी बाजू मला दाखवली.

हिशेब जोडायचे राहिले होते.